इमारतीचा घाम

४ मार्च, मंगळवार

मालकांनी आज देखभालीच्या सगळ्या माणसांना खाली बोलावून कॉफी पाजली. मालक स्वखुशीने कॉफी पाजतात तेव्हा समजावं, पुढ्यात काहीतरी वाढून ठेवलंय.

तसंच झालं. जगातल्या शहरांची म्हणे एक यादी असते आणि तिच्यात प्रतवारी असते. आपलं शहर तिसऱ्या रांगेत आहे, ते दुसरीत जाऊ घातलंय. शिवाय बँकांच्या कुठल्याशा मोठ्या जागतिक संघटनेला मुख्यालयासाठी शहर हवंय. मे महिन्यात परीक्षक येणार आणि पहिल्यांदा आपलाच टॉवर बघणार. कारण सगळ्यात उंच हाच आणि सगळ्यात जास्त काचही यालाच.

"दारातून आत पाऊल टाकलं की पाहुण्यांना गार वाटलं पाहिजे," मालक म्हणाले. "गारवा म्हणजे दर्जा. उद्यापासून एकोणीस डिग्री."

मी म्हटलं, "सध्या एकवीस आहे. त्यातच लोक कुडकुडतात."

"एकवीस आहे, म्हणूनच आपण तिसऱ्या रांगेत."

कुणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलेय, मालकांचे विनोद आणि मालकांचे हुकूम यातला फरक त्यांनाच ठरवू द्यावा.

दुपारी सातव्या मजल्यावरचे विमेवाले आले. तिथल्या विमा कंपनीच्या कार्यालयाचे हे प्रमुख. पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, बारा महिने राखाडी स्वेटर. थंडीची तक्रार घेऊन दर एक-दोन दिवसांनी स्वतः माझ्याकडे उतरतात. शिपायाला पाठवा नाहीतर फोन करा, असं मी कितीदा सांगितलं. आज म्हणाले, "फोनवर थंडी नीट सांगता येत नाही हो."

आता एकोणीस झाल्यावर हे गृहस्थ माझ्या टेबलाशीच बिऱ्हाड करणार.

८ मार्च, शनिवार

अर्धा दिवस. ताईकडे गेले.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. तिथून पुढे माझं सगळं तिनेच केलं. तिचं पाळणाघर आमच्या टॉवरच्या बरोब्बर मागच्या गल्लीत आहे, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. टॉवर नव्हता तेव्हा त्या गल्लीत इतका वारा यायचा की वाळत घातलेली दुपटी शोधत फिरावं लागे. आता टॉवरची गार करणारी यंत्रं, चिलर, तिसऱ्या मजल्याच्या मागच्या गच्चीवर ओळीने उभी आहेत आणि त्यांची तोंडं गल्लीकडे. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर फेकायची, एवढंच त्यांचं काम.

आज गल्लीत शिरले तेव्हा वाटलं कुणीतरी तोंडावर भट्टीचं दार उघडलं. पोरं जमिनीवर उघडी पडली होती, फरशी गार लागते म्हणून. पंखा गरम हवाच फिरवत होता. मागची खिडकी ताईने चादर लावून बंद केली होती.

"या आठवड्यात जास्त झालंय का गं?" तिने विचारलं. "का मीच म्हातारी झाले?"

मी सांगितलं, एकोणीस.

ती एका पोराच्या मानेवरच्या घामोळ्यांना पावडर लावत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे गार तुम्ही व्हायचं आणि तुमचा घाम आम्ही पुसायचा."

रागाने नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. ताईच्या रागाला मी उत्तर देऊ शकते, लहानपणापासून सवय आहे.

दोघांच्या आयांनी पोरं काढून घेतलीत. ताई म्हणते, उन्हाळाभर असंच राहिलं तर बाकीचेही काढतील.

१० मार्च, सोमवार

तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर जाऊन उभी राहिले. यंत्रांसमोर, गल्लीच्या बाजूला. एरवी मी तिथे जाते ती आवाज ऐकायला, कुठला पंखा कुरकुरतो ते बघायला. आज नुसती उभी राहिले. डोळ्यांतलं पाणी सुकलं.

आमच्या दर्शनी भागात एक फलक आहे: "धूरमुक्त इमारत." ते खोटं नाही. आमच्याकडे साधी शेगडीसुद्धा पेटत नाही. पण ही आठ यंत्रं पितात ती वीज टेकड्यांपलीकडच्या वीजकेंद्रातून येते, आणि ते कोळशावर चालतं. तिथला धूर त्या गावाच्या नावावर लागतो, उष्णता ताईच्या गल्लीत, आणि गारवा आमच्या. वाटणी मोठी छान आहे.

१७ मार्च, सोमवार

आज सकाळी नियंत्रण खोलीत जाऊन एकोणीसचे वीस केले. कुणाला विचारलं नाही.

माझी नोकरी सांगितलेलं तापमान राखण्याची आहे, ठरवण्याची नाही. पण मनात म्हटलं, बघू तरी, कळतं का कुणाला.

नाही कळलं. उलट अकराव्या मजल्यावरचा एकजण स्वतः येऊन सांगून गेला की भिंतीवरचं बटण त्याने फिरवलं आणि आता अगदी हवं तसं झालंय. त्या बटणाला मागे वायरच नाही. टॉवर बांधतानाच ती बटणं नुसती शोभेला बसवलेली आहेत. माणसाला फिरवायला काहीतरी लागतं, बस्स.

२८ मार्च, शुक्रवार

हळूहळू चोवीसवर आणलं. दुपारी आठातली दोन यंत्रं आपोआप बंद असतात आता. ताई म्हणाली, खिडकीवरची चादर काढली. एवढंच म्हणाली, पण दोनदा म्हणाली.

थंडीच्या तक्रारी येईनाशा झाल्या. बायका खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या शाली घरी नेऊ लागल्या. गरम होतंय म्हणून फोन आले ते फक्त एकविसाव्या मजल्यावरून, जिथे सगळे कोट-टाय घालून बसतात. ती सगळ्यात मोठी परदेशी कंपनी. वरच्या मॅडम तिच्या इथल्या प्रमुख.

विमेवाले मात्र आले. स्वेटर हातावर. मी म्हटलं, "आता तरी थंडी नाही ना?"

म्हणाले, "नाही. थंडी नाही." मग स्वेटर दुसऱ्या हातावर घेतला. "झोत येतो. एका बाजूने."

कुठल्या बाजूने ते नीट सांगता येईना. मी वर जाऊन बघून आले, झोत-बित काही नाही. त्यांनी तेवढ्यात चहा मागवून ठेवला होता, मग तो प्यावा लागला. माणूस स्वभावाने बरा आहे, पण तक्रारीशिवाय जीव रमत नाही काही लोकांचा.

रोज वाटतं, आज सांगून टाकावं मालकांना. रोज वाटतं, उद्या.

४ एप्रिल, शुक्रवार

फुटलं.

वरच्या मॅडमकडे मुख्य कचेरीतून कुणी बडे पाहुणे आले होते. बैठक चालू असताना पाहुण्यांनी कोट काढला. एवढंच घडलं. एका माणसाने कोट काढला. पण ती बातमी त्या मजल्यावरून अशी खाली आली, जणू काच फुटून पडली. मालकांना फोन, मालकांचा मला फोन, आणि नियंत्रण खोलीतल्या पडद्यावर लख्ख चोवीस.

मालक ओरडले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले. "कधीपासून?"

"तीन आठवडे होत आले."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणूनच विचारतात," मालक म्हणाले.

काम बरोबर होतं आणि करण्याची रीत चूक होती, आणि दोन्ही एकाच हाताने केलेलं.

गल्लीचं सांगितलं त्यांना, ताईचं सांगितलं. ते काचेतून बाहेर बघत होते, समोरच्या बाजूला, जिकडे रस्ता आणि बाग आहे. मालक वाईट नाहीत. त्यांना मागच्या बाजूने इमारत बघायची सवय नाही इतकंच.

पुन्हा एकोणीस. परीक्षक जाईपर्यंत मी राहायचं, पुढचं नंतर बघू.

७ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते लिहू की नको असं झालंय.

ताईकडे एक पोर आहे, दोन वर्षांचं, गाल हे असे. सगळे त्याला गोबऱ्या म्हणतात. दुपारी झोपवलेल्या त्याला ताई उठवायला गेली तर उठेना. अंग तापलेलं, मान लुळी. ताई त्याला तसाच उचलून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे धावली. मला फोन केला तो तिथून. तिचा आवाज असा मी आई गेली तेव्हाच ऐकला होता.

मी पोचले तेव्हा त्याला ओल्या कापडात गुंडाळून सलाईन लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, उष्णता लागलीय, वेळेत आणलंत. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा काय केलं तर सलाईनची नळी ओढली. तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

त्याची आई आमच्याच टॉवरमध्ये, बाराव्या मजल्यावर नोकरीला आहे. धावत आली, खांद्यावर शाल तशीच. त्या उकाड्यात शाल. मी ती शाल बघत राहिले, आणि तिने माझी नजर बघितली, आणि मग स्वतःच ती शाल बघितली.

बाहेर पायरीवर ताई बसली होती. म्हणाली, "बंद करते मी पाळणाघर. या महिनाअखेर. आज हातून गेलं असतं पोर."

शेजारी बसले. मोठी झाल्यावर पहिल्यांदाच तिच्या पाठीवरून हात फिरवला. एरवी नेहमी तीच फिरवते.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी कामावर गेले आणि एकोणीसचा आकडा बघत उभी राहिले. बदलला नाही. चोरून आता काही करायचं नाही.

टॉवरमधल्या कार्यालयांच्या प्रमुखांची महिन्याची बैठक असते, दुसऱ्या शुक्रवारी, तेविसाव्या मजल्यावरच्या सभागृहात. बोलावणं मीच काढते. या वेळी ठिकाण बदललं: मागची गल्ली, पाळणाघर, दुपारी. विषय: इमारतीचं तापमान. मालकांनाही पाठवलं, त्यांच्या नावावर सगळ्यात आधी.

मालकांचा फोन आला. "तू ठरवून नोकरी सोडतेयस का?"

"नाही. या वेळी तुम्हाला विचारतेय. या तेवढे."

फोन ठेवला त्यांनी. म्हणजे येणार की नाही कोण जाणे.

संध्याकाळी विमेवाले आले. वाटलं, थंडी. तर म्हणाले, "मी सगळ्या मजल्यांवर जाऊन सांगून आलो, की यायचंच. तुमचं बोलावणं लोक बघतात आणि बाजूला ठेवतात. माणूस दारात उभा राहिला की नाही म्हणता येत नाही."

तेवीस मजले फिरले हे गृहस्थ! विम्याच्या धंद्यात दारोदार फिरायची सवय होत असावी. आभार मानले तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ब्लडप्रेशरचा त्रास असेल का? विचारायला हवं.

ताईला सांगितलं बैठकीचं. ती म्हणाली, "माझ्याकडे मोठ्या माणसांच्या खुर्च्या नाहीत."

"नसू देत," मी म्हटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

ऊन नुसतं भाजत होतं. एकेक जण गल्लीत शिरला की पावलाचा वेग कमी व्हायचा, वर यंत्रांकडे बघायचा, रुमाल काढायचा. मला काही सांगावंच लागलं नाही. आत ताईच्या ठेंगण्या लाल-पिवळ्या खुर्च्या. त्यांवर मोठमोठे अधिकारी गुडघे हनुवटीला लावून बसलेले. काही पोरं झोपलेली, काही या नव्या मोठ्या पोरांकडे टकामका बघत.

वरच्या मॅडमच्या मांडीवर एका चिमुरडीने प्लॅस्टिकचं घोडं आणून ठेवलं आणि तिथेच टेकून उभी राहिली. मॅडमना उठता येईना. विमेवाले दारात उभे. बसायला उरलंच नव्हतं. कोट पहिल्यांदा कुणी काढला ते माहीत नाही, पण बघता बघता ढीग पडला.

मालक सगळ्यात शेवटी आले. दारातच थबकले.

मी बोलायला उभी राहिले. दोन दिवस पाठ केलेलं सगळं वाफ होऊन गेलं. एवढंच म्हणू शकले, "वर आपण कोट घालता यावा म्हणून गार करतो. ती सगळी उष्णता इथे येते. आणि वीज येते तिथे अजून कुणाचं तरी घर असणार."

मग गोबऱ्याची आई उठली. तिला बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आली होती. म्हणाली, "मी बाराव्या मजल्यावर बसते. मला थंडी वाजते म्हणून मी शाल घेते. माझं पोर इथे खाली असतं. सोमवारी मी वर शाल लपेटून बसले होते तेव्हा इथे त्याला..." एवढ्यावरच खाली बसली.

वर यंत्रं चालू होती, तेवढाच आवाज.

वरच्या मॅडम बोलल्या. त्या हळू बोलतात, पण लोक ऐकतात. "आमच्या कंपनीत दरवर्षी दोन अहवाल निघतात. एकात असतं, कुठलं शहर किती जागतिक झालं, कुठे कार्यालयं वाढवायची. दुसऱ्यात असतं, आमच्यामुळे किती कार्बन हवेत गेला. दोन्हींवर सही माझीच असते." त्यांनी मांडीवरचं घोडं उचलून त्या मुलीच्या हातात दिलं. "पहिल्यातलं शहर वर चढलं की दुसऱ्यातला आकडाही चढतो. मी ते दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून कधी वाचलेच नव्हते. आमच्या मजल्यावर कोटाची सक्ती आजपासून नाही. तापमान पंचवीस चालेल."

अकराव्या मजल्यावरचा म्हणाला, "पण आमच्याकडे बटण आहे, आम्ही आमचं आमचं..."

मी सांगून टाकलं त्या बटणाचं. सगळे असे हसले की झोपलेली पोरं उठली. अकरावा सगळ्यात जास्त हसला. मालकसुद्धा. हसता हसता त्यांनी कपाळ पुसलं आणि भोवती बघितलं, खिडकीकडे, फरशीवरच्या पोरांकडे.

निघताना माझ्याजवळ थांबले. "पंचवीस. पण त्या परीक्षकांनी नाक मुरडलं तर..."

"तर माझ्यावर ढकला."

"ढकलणारच आहे," म्हणाले.

सगळे गेल्यावर ताई खुर्च्या आवरत होती. विमेवाले मदतीला थांबले होते. एकेक खुर्ची पुसून एकात एक बसवत होते. ते गेल्यावर ताई म्हणाली, "माणूस चांगला आहे."

"हो, पण तक्रारखोर."

ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं गणित चुकल्यावर बघायची. पाळणाघर बंद करण्याबद्दल मात्र काही बोलली नाही.

२३ एप्रिल, बुधवार

कामाचे दिवस, लिहायला फुरसत नव्हती. पश्चिमेच्या काचांना बाहेरून पडदे लावतोय. मालक म्हणाले, काच झाकली तर टॉवर दिसणार कसा? मी म्हटलं, ऊन आत आल्यावर गार करण्यापेक्षा आत येऊच न दिलेलं बरं. त्यांना ते पटलं, किंवा भांडायचा कंटाळा आला.

पाच यंत्रांवर भागतंय. गल्लीत उन्हाळाच आहे, पण तो उन्हाळ्याचा उन्हाळा आहे, आमचा नाही. नेलेल्यांपैकी एक पोर परत आलं.

सगळं गोड नाही. सतराव्या मजल्यावरची मंडळी रोज भांडतात, त्यांच्याकडे संगणक जास्त आहेत आणि त्यांचं चूकही नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय करायला हवी. मला अजून सुचलेली नाही.

९ मे, शुक्रवार

परीक्षक आल्या. साठीच्या, साध्या, पायांत सपाट बूट. दारातून आत पाऊल टाकलं आणि थांबल्या. मालकांनी माझ्याकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, "इथे थंडी नाही."

मालक म्हणाले, "हो, म्हणजे, या आमच्या बाई..." ढकलायला तिथल्या तिथे सुरुवात.

"मी पिशवीत कायम गरम जॅकेट ठेवते," परीक्षक म्हणाल्या. "कुठल्याही देशात जा, आत सगळीकडे एकच हवामान. डोळे मिटले तर कुठल्या शहरात आहे ते सांगता येणार नाही."

दुपारी त्यांना घेऊन तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर गेले, तीन बंद यंत्रं दाखवली. त्या खूप विचारत होत्या, मग मीही धीर करून विचारलं: यादीत वर जायला विमानं लागतात, मोठाली कार्यालयं लागतात, मग धूरही वाढणारच ना? शहर मोठं झालं म्हणजे त्याला दोष द्यायचा का?

म्हणाल्या, "मोठी शहरं एका परीने बरी. माणसं जवळजवळ राहतात, एकाच गाडीतून जातात, भिंती वाटून घेतात. पण मोठं झाल्यावर आपला पसारा दुसऱ्याच्या अंगणात ठेवायची सवय लागते. मग आपलं अंगण स्वच्छ दिसतं."

"तुम्ही आलात त्या विमानाचा धूर कुठल्या शहराच्या नावावर मांडतात?"

त्यांनी बंद यंत्रांकडे बघितलं. वाटलं, संपलं, जीभ नडली. मग त्या हसल्या, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "बहुतेक वेळा कुणाच्याच नाही," म्हणाल्या. "तो हवेतच राहतो."

जाताना त्यांनी ताईची गल्ली बघायला मागितली. गोबऱ्याने त्यांच्या बुटाची नाडी सोडली.

३० मे, शुक्रवार

निकाल. मुख्यालय दुसऱ्या शहराला गेलं. तिथे समुद्रमार्ग आहे, कायदे सोयीचे आहेत, अशी कारणं. तापमानाचं नाव नाही. आपण तिसऱ्याच रांगेत.

मालक दिवसभर बाहेर पडले नाहीत. संध्याकाळी मी गेले त्यांच्याकडे. वाटलं होतं, आता माझा हिशेब होणार.

"बस," म्हणाले. "वरच्या मॅडमचा निरोप आलाय. त्यांना अजून दोन मजले हवेत. म्हणतात, अशी इमारत शहरात दुसरी नाही, मुख्य कचेरीला दाखवायला बरी." मग काचेकडे वळले. "माझे अजून दोन टॉवर आहेत, नदीकडचे. त्यांच्याही मागे गल्ल्या असतील ना?"

"असणारच."

"मी कधी गेलो नाही मागे."

"जाऊ या की," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खट्टू होते, पण त्या खट्टूपणात कुठेतरी कुतूहल होतं. दोन्ही टॉवर माझ्याकडे देतायत. माणसं मीच निवडायची, आणि तापमान मीच ठरवायचं. फक्त म्हणाले, "आणि ठरवण्याआधी मला सांगायचं."

"विचारायचं," मी म्हटलं.

घरी येताना विमेवाले लिफ्टशी भेटले. बातमी सांगितली, मी आता महिन्यातले निम्मे दिवस नदीकडे असेन म्हणून. त्यांचा चेहरा उतरला. आमच्या टॉवरचं कसं होणार, याची काळजी वाटली असेल. मग म्हणाले, टेकड्यांपलीकडचं वीजकेंद्र आपण दोघांनी एकदा बघून यायला हवं, तुम्ही त्या दिवशी बैठकीत म्हणालात ना, तिथे कुणाचं तरी घर असेल. रविवारी बस असते. मला कल्पना आवडली. कामाच्या दृष्टीने उपयोगी.

८ जून, रविवार

निघण्याआधी ताईचा फोन. निळे कपडे घाल, केस नीट बांध. वीजकेंद्र बघायला जायचं तर तिथे राख उडत असणार, निळं कशाला? "घाल म्हणते ना," म्हणाली. घातले.

आत कुणी सोडत नाही. पण बाहेरूनच पुरे. दोन चिमण्या, गावापेक्षा उंच. एकीतून धूर, एक शांत. गावातल्या चहावालीशी बोललो. तिने बाकं आमच्या देखत पुसली तरी फडकं काळं झालं. म्हणाली, "तुमच्याकडे उन्हाळा वाढला की आमच्याकडे धुणं आत वाळत घालावं लागतं." तुमच्याकडे म्हणजे शहरात. रागाने नाही म्हणाली. मला ताईची आठवण झाली.

मी तिला विचारलं, या वर्षी काही फरक? म्हणाली, "छे. एका इमारतीने काय होतंय." मग जरा विचार करून, "पण कुणीतरी विचारायला आलं, हे पहिल्यांदाच."

परत येताना मी नदीकडच्या टॉवरांचा विचार करत होते. तिथे पश्चिमेला झाडं आहेत, म्हणजे पडदे कमी लागतील. सतराव्या मजल्याचं कोडंही सुटेलसं वाटतंय: संगणकांची खोली तेवढी वेगळी गार करायची, माणसांना त्यात कोंबायचं नाही. हे सगळं विमेवाल्यांना सांगत होते. ते ऐकत होते. ऐकणारा माणूस आहे, हे मात्र खरं. सांगता सांगता माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बस शहरात शिरत होती आणि माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. मी दचकून सरळ झाले. ते मात्र तसेच, खांब पुरल्यासारखे. हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटं मिटता येईनात.

"उठवायचं की हो," मी म्हटलं.

"तशी गरज वाटली नाही," ते म्हणाले. आणि पाळ्या पुन्हा लाल. ब्लडप्रेशर नसावं ते.

रात्रीच्या जेवणाला ताईकडे गेले. तिने शेजारची रिकामी खोली घ्यायचं ठरवलंय, पोरं वाढली म्हणून. मी तिला नदीकडच्या टॉवरांचं सगळं सांगितलं, चहावालीचं सांगितलं.

बाकीचं नाही सांगितलं. थोडे दिवस माझ्याजवळच ठेवते.